मुंबईच्या आकाशातला उजेड कॅमेऱ्याने कसा मोजावा

शहराच्या दिव्यांनी रात्रीचे आकाश किती उजळले आहे, हे साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यानेही आकड्यात मांडता येते. मात्र फोटो रॉ स्वरूपातच हवा, कारण जेपेग तयार करताना कॅमेरा उजळपणात स्वतःच फेरफार करतो.

अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडावी आणि सूर्यास्तानंतर किमान दीड तास थांबावे. मार्चअखेरीस रात्री दहाच्या सुमारास मघा तारा मुंबईत जवळजवळ डोक्यावर येतो. त्याची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (जितका लहान तितका उजेड जास्त), १.४ ही ठाऊक असल्याने आकाशाची तुलना त्याच्याशी करता येते. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, शेजारच्या इमारतीच्या हॅलोजनचा झोत लेन्सवर पडणार नाही अशा जागी ट्रायपॉड लावावा.

५० मिमी लेन्स, एफ/४, आयएसओ ४०० आणि ४ सेकंदांचे एक्सपोजर घेऊन मघा चौकटीच्या मध्यभागी आणावा, कारण कडांना लेन्स कमी प्रकाश देते. फोकस किंचित हलवला की ताऱ्याचा ठिपका पसरतो आणि मधले पिक्सेल पांढरेफटक होत नाहीत. लगेच लेन्सवर झाकण लावून त्याच सेटिंगने आणखी एक फोटो घ्यावा.

सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या फोटोतून झाकणाचा फोटो वजा करून फक्त हिरवा रंग घ्यावा. ताऱ्याच्या ठिपक्यातील सर्व पिक्सेलची बेरीज, आजूबाजूच्या आकाशाचा वाटा वगळून, करावी आणि जवळच्या मोकळ्या आकाशातील एका पिक्सेलची सरासरी काढावी. पिक्सेल ४ मायक्रॉनचा असेल तर ५० मिमी लेन्सने तो सुमारे १६.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद, म्हणजे २७२ चौरस विकलांचे आकाश टिपतो. आता ताऱ्याची बेरीज त्या सरासरीच्या १०,००० पट आली, तर १०,००० गुणिले २७२ या संख्येचा लॉगरिथम (पाया १०) २.५ ने गुणून त्यात १.४ मिळवावेत, उत्तर येते दर चौरस विकलेमागे सुमारे १७.५ प्रत.

नैसर्गिक काळोख्या आकाशाची प्रत २२ च्या आसपास असते आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट उजेड, त्यामुळे हे आकाश सुमारे ६० पट उजळ ठरते. धुरकट हवेत ताऱ्याचाच प्रकाश अडतो आणि आकाश आहे त्याहून उजळ भासते, म्हणून एकट्या रात्रीच्या आकड्यावर विसंबू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तीच जागा, तोच कॅमेरा आणि तीच सेटिंग ठेवून दर अमावास्येला नोंद केली, की रस्त्यावरचे दिवे बदलल्यावर आकाशात काय फरक पडला, हे पुराव्यानिशी सांगता येते.