मूल्यमापनाची तयारी जूनमध्येच

शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात वार्षिक नियोजन लिहून होते, पुस्तकांचे गठ्ठे येतात, प्रवेशोत्सवाची धांदल सुरू होते. मूल्यमापन तेवढे ऑक्टोबर आणि एप्रिलचे काम म्हणून बाजूला राहते. मग सत्र संपताना अख्ख्या वर्गाच्या वर्णनात्मक नोंदी एका बैठकीत लिहाव्या लागतात आणि त्याच पाच-सहा वाक्यांची अदलाबदल करत निकालपत्रक भरले जाते. ज्या नोंदीमुळे दुसऱ्या दिवशीचा एकही तास बदलत नाही, ती मुलाच्या काही कामाची नाही. म्हणून ही तयारी शाळा भरायच्या आधी करायची. तिसरी ते पाचवीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकत्र असले तरी यातले बरेच जमण्यासारखे आहे.

सुरुवात गेल्या वर्षीच्या कागदांपासून करा. निकालपत्रक बघाच, पण तिथे थांबू नका. गणितात ‘ब-२’ म्हणजे ६१ ते ७० टक्क्यांच्या मधले काहीतरी, एवढेच कळते. मुलाला गुणाकार येतो आणि भागाकार येत नाही, की सगळे येते पण शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही, हे श्रेणी सांगत नाही. संकलित म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका शाळेत असतील तर त्या काढा आणि दर मुलामागे एकच ओळ लिहा: कुठे अडला. आधीच्या वर्गशिक्षकांशी तासभर बसून बोललात तर त्याहून जास्त कळेल. त्यांची बदली झाली असेल तर फोन करा.

पहिल्या आठवड्यासाठी वाचनाचे दोन उतारे तयार ठेवा, एक मागच्या इयत्तेच्या पुस्तकातला आणि एक त्याच्याही मागच्या. प्रत्येक मुलाला एकट्याने, शेजारी बसवून वाचायला लावायचे. बाकीचा वर्ग तेवढा वेळ चित्र काढतो किंवा पुस्तके चाळतो. ‘वाचता येते’, ‘वाचता येत नाही’ असे दोन रकाने करू नका. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘ट्रक’, ‘दऱ्या’ यांपैकी कुठल्या जोडाक्षरावर मूल थांबते, अक्षरे जुळवून वाचते की शब्द एकदम उचलते, वाचल्यावर काय घडले ते स्वतःच्या शब्दांत सांगते का, हे टिपा. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे, गडचिरोलीत गोंडी बोलणारे मूल उत्तर आपल्या घरच्या शब्दात देईल. ते उत्तर चूक धरू नका. अर्थ कळला आहे आणि मराठी शब्द शिकवायचा आहे, अशी नोंद करा. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेकडून येणारी पायाभूत चाचणी, म्हणजे मागच्या इयत्तेचे किती येते ते बघणारी, नंतर होईलच, पण तिची वाट पाहत पहिले आठवडे रिकामे घालवू नयेत.

यानंतरचे काम मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते आणि त्याला निवांत दोन दिवस द्यावेत: प्रत्येक घटकात मुले काय चुकणार आहेत, याची यादी आधीच करायची. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीत, अध्ययन निष्पत्ती (मुलाला शेवटी काय यायला हवे), साहित्य, कृती हे सगळे असते. अपेक्षित चुकांचा रकाना नसतो. तो स्वतःच आखून घ्या.

हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ मधून ३८ वजा करताना एक मूल २६ लिहिते, दुसरे २४. दोघांनाही शून्य गुण मिळतात आणि दोघांनाही तीच दहा उदाहरणे घरी करायला दिली जातात. पण २६ लिहिणारे मूल दर स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. वरची संख्या कुठली आणि खालची कुठली हे ते बघतच नाही. २४ लिहिणाऱ्याने दशक सुटा केला आहे, फक्त उरलेल्या दशकांत एक कमी करायचे राहिले आहे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन मुळापासून शिकवावे लागेल. दुसऱ्याला दोन उदाहरणे शेजारी बसून केली की पुरते. आता ५८ वजा ३२ हे उदाहरण बघा. ते दोघेही बरोबर सोडवतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही. ४०३ वजा १२७ हे वेगळ्या कामासाठी राखून ठेवा: मधल्या शून्यावर कोण अडते ते त्यातून दिसते.

अपूर्णांकांत १/४ हा १/३ पेक्षा मोठा, कारण चार तिनापेक्षा मोठे, असे बरीच मुले मनात धरून बसलेली असतात. पाचवीत दशांश अपूर्णांक आले की ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठे वाटते, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. इथे ०.२५ आणि ०.७५ यांतला मोठा कोणता असे विचारले, तर चुकीच्या समजुतीचे मूलही बरोबर उत्तर देते, आणि आपण घटक झाला म्हणून पुढे जातो. म्हणून प्रश्न निवडताना एकच कसोटी लावा: चुकीचा विचार करणाऱ्या मुलाचे उत्तर यात वेगळे येईल का? येणार नसेल तर तो प्रश्न सरावाला ठीक, तपासायला नाही. घटकामागे असे तीन-चार प्रश्न जूनमध्ये लिहून ठेवले की वर्षभर हाताशी राहतात. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चार शाळांनी घटक वाटून घेतले तर काम आणखी हलके होते.

हे प्रश्न सगळ्या वर्गाला एकाच वेळी विचारायला पाटीसारखे साधन नाही. शाळेत जुन्या पाट्या पडल्या असतील तर धुऊन घ्या, पेन्सिली आणा. प्रश्न सांगायचा, मुलांनी लिहून पाटी छातीशी धरायची आणि खूण केल्यावर एकदम वर करायची. नजर फिरवली की वर्गाचा अंदाज येतो, आणि नेहमी हात वर करणाऱ्या चार मुलांवरून सगळ्या वर्गाला समजले असे धरण्याची सवय सुटते. तोंडी प्रश्नांसाठी सगळ्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा. प्रश्न आधी, चिठ्ठी नंतर, म्हणजे सगळे विचार करतात. आणि थांबा. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातली प्रश्नोत्तरे मोजली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

पाठकोऱ्या कागदांचे चौथाई तुकडे करून गठ्ठा बांधून ठेवा. तास संपण्याआधी पाच मिनिटे एक प्रश्न, तुकड्यावर उत्तर, आणि मधल्या सुट्टीत तीन ढीग: जमले, अर्धे जमले, नाही जमले. यावर गुण देऊ नका, हे नोंदवहीतही चढवू नका. दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटे कुणासोबत बसायचे ते यातून ठरते.

आता गुणांचे काम. २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या शासन निर्णयात पहिली-दुसरीला आकारिक (रोजच्या कामाचे) ७० आणि संकलित (सत्राअखेरचे) ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५०-५०, तर सातवी-आठवीला ४० आणि ६० असा भारांश आहे. म्हणजे चौथीपर्यंत निम्म्याहून जास्त गुण रोजच्या कामाचे असतात: तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. कुठल्या महिन्यात कुठले तंत्र वापरणार हे वार्षिक नियोजनातच लिहा, नाहीतर शेवटी चाचणी आणि स्वाध्याय एवढेच उरते आणि प्रकल्प पालकांच्या हातचा येतो. प्रकल्प वर्गातच, गटात करून घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

घटक चाचणी काढताना संविधान तक्ता (कुठल्या भागावर किती आणि कसले प्रश्न, किती गुण) करा, नमुना उत्तरे आणि गुणदान योजना प्रश्नपत्रिकेसोबतच लिहा, आणि पेपर एकदा स्वतः सोडवून बघा. रीत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर किती गुण, परिसर अभ्यासाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर गुण कापायचे का, हे आधी ठरलेले असावे. माझ्या मते कापू नयेत. चूक दाखवावी, गुण मात्र परिसर अभ्यासाचेच द्यावेत. तपासताना एका मुलाचा पूर्ण पेपर न घेता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असे तपासले की मोजमाप सारखे राहते. नाव असलेले पान दुमडून ठेवा. तीन-चार पेपर सहकारी शिक्षकाला देऊन त्यांचे गुण ताडून बघा. फरक पडला तर गुणदान योजनेतच कुठेतरी संदिग्धता राहिली आहे. दिव्यांग मुलांना लागणाऱ्या सवलती, जादा वेळ असो की लेखनिक, याची व्यवस्था परीक्षेच्या दिवशी नव्हे, आत्ताच करून ठेवा.

शेऱ्यांसाठी वेगळी तयारी लागते. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांत तशी दिसली नाही. वर्गात आपल्यालाही हेच दिसते: वही हातात आली की आकडा बघितला जातो, शेजाऱ्याचा विचारला जातो आणि वही मिटते. म्हणून आधी शेरा द्या, त्याप्रमाणे दुरुस्ती करायला एक तास द्या, गुण मागून सांगा. हा दुरुस्तीचा तास वेळापत्रकातच धरा. शेरा वाचून मुलाला काही करायला मिळणार नसेल तर तो लिहिण्याचे कष्ट वाया जातात. ‘छान’, ‘प्रगती करा’, ‘अक्षर सुधारा’ हे शब्द बाजूला ठेवून ‘हातच्याची वजाबाकी जमते, मधे शून्य आले की दशकापाशी अडते, ही दोन उदाहरणे करून दाखव’ असे लिहायचे. मराठीच्या वहीत ‘जत्रेत काय काय होते ते सांगितलेस, तुला काय वाटले ते एका वाक्यात लिही’ एवढे पुरते.

हे सगळ्यांसाठी रोज शक्य नाही आणि तसा हट्टही नको. तीसचा पट असेल तर रोज पाच मुलांकडे मुद्दाम लक्ष द्यायचे, त्यांच्या नावापुढे तारखेसह एक ओळ लिहायची; सोमवार ते शनिवारात वर्ग पूर्ण होतो. सत्राअखेरीस विशेष प्रगती, आवड आणि सुधारणा आवश्यक हे रकाने भरताना या ओळींतून वाक्ये आपसूक मिळतात, आणि प्रत्येक मुलाची वेगळी मिळतात.

पाचवीचा वर्ग असेल तर एक गोष्ट पालकांना जूनच्याच सभेत सांगा. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालेल्याला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा मिळते, तीतही उत्तीर्ण झाला नाही तर त्याच वर्गात राहावे लागते. घाबरवण्यासाठी नव्हे, तर ज्याला मदत लागणार आहे त्याची मदत एप्रिलनंतर नव्हे, जुलैपासून सुरू व्हावी म्हणून. सभेत श्रेणी वाचून दाखवू नका. मुलाची वही उघडा, आईला किंवा आजोबांना त्याने काय केले ते दाखवा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा पालकांसमोर मुलालाच वाचायला लावा.

बीड, अहिल्यानगरच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. त्यांची यादी जूनमध्येच होऊ शकते, कारण कोण जाते हे गावाला माहीत असते. अशा प्रत्येक मुलासाठी एक पान राखून ठेवा: काय येते, कुठे अडते, पुढे काय शिकवावे. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत ते पान पाठवले तर तिकडच्या शिक्षकांना पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येते. पानाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. वजाबाकी आणि अपूर्णांकांचे घटक या मुलांसाठी शक्यतो पहिल्या सत्रातच उरका, भलेही बाकी वर्गाचा क्रम थोडा बदलावा लागला तरी.