ब्लॉकचेनवर दाखले नोंदवताना कार्यालयाने घ्यावयाची काळजी
गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनशी, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या, साखळीसारख्या जोडलेल्या नोंदवहीशी, जोडण्यात आले. असे काम हाती घेणाऱ्या कार्यालयाने साखळीवर काय ठेवायचे नाही, हे आधी ठरवावे. नाव, जात, पत्ता तेथे मुळीच जाऊ नये; केवळ फाइलचा हॅश, म्हणजे एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने तिच्यातील मजकुरावरून काढलेला ६४ चिन्हांचा ठसा, नोंदवावा, कारण साखळीवरील नोंद पुसणे जवळजवळ अशक्य असते, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती खोडून घेण्याच्या हक्काची तरतूद करतो. फाइलमधील एक काना बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. मात्र अंदाजाने माहिती भरून ठसा जुळवून पाहणे शक्य असल्याने हॅश काढण्यापूर्वी फाइलमध्ये गुप्त यादृच्छिक अंक मिसळावेत.

खोटा दाखला नोंदवला गेला, तर ब्लॉकचेन तो खोटेपणाही इमानेइतबारे जपते. म्हणून नोंदीपूर्वीची छाननी, कितीही कंटाळवाणी वाटली तरी, पूर्वीइतकीच काटेकोर असावी. रद्द दाखल्यांची यादी वेगळी ठेवावी. क्यूआर कोडवरील पडताळणी लॉगिनशिवाय व्हावी आणि चूक आढळल्यास अर्ज कोणाकडे करायचा, ते पदनाम दाखल्यावरच छापावे.