डीजी सेटच्या लाइनीत येणाऱ्या पोरांसाठी

सोलापुरात आयटीआय करून डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, कामाला येणारी बरीच पोरं डिझेल मेकॅनिकची असतात. ट्रेड एका वर्षाचा, इंजिनावर हात लवकर बसतो. पण अर्धा सेट म्हणजे अल्टरनेटर, इंजिनाच्या फिरण्यातून वीज तयार करणारा भाग. चार पोलच्या अल्टरनेटरला 50 हर्ट्झसाठी 1500 आरपीएमच का लागतात, हे इंजिनवाल्यालाही सांगता आलं पाहिजे. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा एखादा मित्र गाठा आणि त्याच्यासोबत पॅनेल उघडून बसा.

एमआयडीसीतले सेट लोडवर पळतात, त्यांची तब्येत बरी असते. खरं शिकायला मिळतं ते खेड्यात. तिथले सेट नुसते उभे असतात, आणि उभ्या सेटचे आजार वेगळे. बॅटरी उतरते, टाकीच्या तळाला पाणी साठतं.

एका ग्रामीण दवाखान्यात 62.5 केव्हीएचा सेट होता, म्हणजे 50 किलोवॅटचा. त्यावर चालायचं काय, तर दिवे, पंखे आणि लसींचा फ्रिज. सायलेन्सरच्या जोडातून डांबरासारखा काळा, चिकट ओघळ आला होता. नवा माणूस लगेच म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. थांबा, आधी लोड मोजा. लोड कमी असला की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही आणि ते एक्झॉस्टमध्ये साचतं. साधारण 30 टक्क्यांच्या खाली सेट फार वेळ चालवू नये, म्हणजे इथे निदान 15 किलोवॅट हवेत. आम्ही लोड बँक, म्हणजे सेटवर मुद्दाम लोड टाकायचं यंत्र, लावून सेट हळूहळू 75 टक्क्यांवर नेला. आधी दाट धूर निघाला, मग जोड कोरडा पडला. दर आठवड्याला रिकामा सेट पाच मिनिटं फिरवून बंद करणं, ही चाचणी नव्हेच.

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर 1962 साली वीज आली ती डिझेल सेटवरच. अशा एकाकी ठिकाणी एकच मोठा सेट न ठेवता लहानमोठे सेट ठेवलेले बरे. रात्री लोड उतरला की धाकटा चालवायचा. त्यासाठी सिंक्रोनायझिंग, म्हणजे दोन सेटची वीज जुळवून एकत्र जोडणं, शिकून घ्या, पुढे पगारात फरक पडतो.

आणि चेंजओव्हरला, म्हणजे लाइनीवरून सेटवर नेणाऱ्या स्विचला, इंटरलॉक (दोन्ही एकाच वेळी जोडू न देणारी अडवणूक) नसेल तर सेट चालू करून देऊ नका, मालक कितीही घाई करू दे. सेटची वीज उलटी लाइनीत गेली तर ट्रान्सफॉर्मर तिचे 11,000 व्होल्ट करतो, आणि लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो.