पल्स पोलिओच्या पथकात पहिल्यांदा जाताना

दर मोहिमेत पुण्यातल्या पथकांत नवे चेहरे असतात: नर्सिंगच्या विद्यार्थिनी, एमएसडब्ल्यू करणारी मुलं, एनएसएसचे स्वयंसेवक, नुकत्याच लागलेल्या आशाताई. दोन थेंब पाजायला पाच मिनिटांत शिकता येतं. जे मूल आपल्यासमोर येतच नाही, ते हुडकायला शिकण्यात मात्र दोन-तीन मोहिमा जातात. विषाणूला आसरा मिळतो तो अशाच मुलांकडे, म्हणून इथे बरंचसं त्यांच्याबद्दल आहे.

आधी लस. सकाळी दवाखान्यातून कॅरिअर (लस थंड ठेवायचा डबा) ताब्यात घेताना चारही आईसपॅक आत आहेत ना, झाकण घट्ट बसतंय ना, हे स्वतः बघा. नियमित लसीकरणात आईसपॅकला घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवतात, कारण पेंटाव्हॅलेंटसारख्या लसी गोठल्या की वाया जातात. तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीला गोठण्याचं भय नाही, उन्हाचं आहे. त्यामुळे इथे कडक गोठलेले आईसपॅक चालतात. कुप्या झिपच्या पिशवीत ठेवा, नाहीतर पाण्याने लेबलं सुटतात. एका वेळी एकच कुपी बाहेर काढा. प्रत्येक कुपीत २० डोस असतात. लेबलवरच्या खुणेत आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाद. पुन्हा थंड केल्याने रंग मागे फिरत नाही, कारण ती खूण आतापर्यंत लागलेल्या सगळ्या उष्णतेचा हिशेब ठेवते.

बूथचा रविवार तसा सोपा. आया मुलांना घेऊन स्वतःहून येतात. दोन थेंब जिभेवर पडले का ते बघा. मुलाने थुंकले तर पुन्हा द्या, जास्तीचा डोस बाधत नाही. जुलाब, सर्दी असली तरी द्यायचा, कालच जन्मलेल्या बाळालाही द्यायचा. मगच डाव्या करंगळीच्या नखावर आणि नखालगतच्या कातडीवर शाई लावा आणि ती वाळेपर्यंत बोट धरून ठेवा, नाहीतर ते लगेच तोंडात जातं. गर्दीत हा क्रम हमखास उलटतो. शाई आधी लागते, मूल पळतं, आणि मग त्या करंगळीकडे बघून पुढचं प्रत्येक पथक त्याला डोस मिळाला असं धरून चालतं. मार्करचं टोपणही लगेच लावा. दुपारपर्यंत वाळलेला मार्कर अर्धा दिवस फुकट घालवतो.

खरं काम सोमवारी सुरू होतं. शहरात ५ दिवस, ग्रामीण भागात ३ दिवस घरोघर जायचं. पथकात दोघं असावीत आणि त्यातलं एक त्या वस्तीतलं असावं. दारात उभं राहून "बाळाला पोलिओ पाजला का?" असं विचारलं की "हो" येतं आणि दार बंद होतं. त्याऐवजी "ताई, घरात पाच वर्षांखालची मुलं किती?" असं विचारा. मग एकेक करून: घरात बाळंतीण आहे का? पाहुण्यांचं मूल आलंय का? कोणी झोपलंय का, आजारी आहे का? पाळणाघरात, बालवाडीत कोणी गेलंय का? दर वेळी पाचही विचारा. जनता वसाहत किंवा ताडीवाला रोडच्या चाळींत एका दाराआड दोन-तीन चुली असतात; प्रत्येक चूल हे वेगळं घर धरायचं.

सगळ्या मुलांना डोस मिळाला किंवा मूलच नाही, तर दारावर खडूने 'पी'. एक जरी राहिलं तरी 'एक्स'. त्यासोबत घर क्रमांक, तारीख आणि पुढे कुठे गेलात तो बाण. कुलूपबंद घराला 'पी' देण्याचा मोह होतो, कारण एक्स घरी संध्याकाळी परत जावं लागतं. पण संध्याकाळी सहानंतरची ती फेरी हीच मोहिमेची खरी मिळकत आहे. तेव्हा कामावरची माणसं परततात आणि पाळणाघरातली मुलं घरी येतात.

वाकड, बाणेर, खराडीच्या सोसायट्यांत अडचण निराळी. फाटकावरच अडवतात, भिंतीवर लिहू देत नाहीत. सचिवांना दोन दिवस आधी भेटून क्लब हाउसमध्ये टेबल मिळवा आणि खुणेच्या जागी फ्लॅटनिहाय यादी ठेवा. तिथे हमखास ऐकू येतं, "आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय." वाद घालू नका. इंजेक्शनमुळे मुलाला लुळेपणापासून चांगलं संरक्षण मिळतं, पण आतड्यात विषाणू वाढायचा थांबवण्याचं काम थेंब जास्त चांगलं करतात, एवढं शांतपणे सांगा. "पोलिओ गेला ना आता?" याचंही उत्तर तयार ठेवा. भारतातला शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा आपला आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे आणि प्रवाशासोबत तो कुठेही पोचू शकतो.

त्याच सोसायटीच्या मागे बांधकाम मजुरांचे पत्र्यांचे शेड असतात आणि ते नकाशात बहुधा नसतात. तिथे ठेकेदाराच्या मुकादमाला गाठा आणि मजूर कामावर निघायच्या आत पोचा. दौंड, इंदापूर, बारामतीकडे ऊसतोड टोळ्यांचंही असंच. टोळी पहाटेच फडात जाते आणि लहान मुलं कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) किंवा फडाच्या बांधावर असतात. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडे टोळ्यांची माहिती असते, ती मोहिमेच्या आधीच मागून घ्या. टोळी रातोरात हलते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. वीटभट्ट्यांनाही हेच लागू. स्वारगेट किंवा पुणे स्टेशनवर ड्यूटी लागली तर फलाटावर रेंगाळू नका; गाडी लागली की आत चढा.

टॅली शीट, म्हणजे डोसांच्या नोंदीचा तक्ता, प्रत्येक घरानंतर तिथेच भरा. संध्याकाळी आठवून भरलेले आकडे गोल येतात आणि पर्यवेक्षक ते लगेच ओळखतात. वापरलेल्या, उघडलेल्या आणि बंद कुप्यांचा मेळ टॅलीशी बसला पाहिजे.

फिरताना पंधरा वर्षांखालचं एखादं मूल अचानक हात किंवा पाय लुळा पडलेलं दिसलं, तर पोलिओ वाटो न वाटो, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने, घ्यावे लागतात. "आईने पडल्यामुळे झालं म्हणून सांगितलं" या कारणाने कळवायचं थांबू नका. कारण ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. आपण पत्ता, लक्षण कधी सुरू झालं ती तारीख आणि पालकांचा फोन नंबर नीट उतरवून द्यायचा.