परदेशातल्या वर्गासोबत प्रोजेक्ट करायचाय? आधी उत्तरं कोण लिहिणार ते ठरवा

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपला वर्ग परदेशातल्या एखाद्या वर्गाशी जोडायचा आणि दोघांनी मिळून ऑनलाइन एक प्रोजेक्ट करायचा असं ज्यांच्या डोक्यात आहे त्या सर-मॅडमसाठी हे लिहितेय. नेट, हॉटस्पॉट, स्मार्ट टीव्ही, शाळेचा मेल आयडी, एचएमची (मुख्याध्यापकांची) लेखी परवानगी ह्यावर वेळ घालवत नाही, ते सगळे करतातच. मला बोलायचंय ते उत्तरांबद्दल. पोस्ट टाकायची तयारी प्रत्येकजण करतो, पण आलेल्या पोस्टला उत्तर कोण लिहिणार, कुठल्या वारी, कुठल्या तासाला, ह्याची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही आणि प्रोजेक्ट तिथेच मरतो. माझ्याकडून गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं. आमच्या मुलांनी ओळख करून देणाऱ्या पोस्टी मन लावून लिहिल्या, तिकडून प्रश्नांवर प्रश्न आले, आणि आम्ही प्रथम सत्र परीक्षा, पेपर तपासणी, मग सुट्टी ह्यात गेलो. परत येईपर्यंत तिकडच्या मॅडमनी दुसरा वर्ग शोधला होता, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तर पहिलं काम, वेळापत्रकात आठवड्याच्या दोन तासिका कायमच्या राखून ठेवा, एक फक्त वाचायला आणि एक फक्त उत्तर लिहायला. जमलं तर करू, मधल्या सुट्टीत करू, घरी पालकांच्या मोबाइलवर करतील, असं चालत नाही. घरी एकच फोन असतो आणि तो बाबांबरोबर कामावर गेलेला असतो. तासिका लेखी घ्या, एचएमची सही घ्या, वर्गात भिंतीवर लावा. मुलांना नियम एकच सांगा, दोन उत्तरं लिहिल्याशिवाय नवीन पोस्ट नाही.

आणि उत्तर म्हणजे काय तेही आधी ठरवून द्या. नाइस, वाव, अंगठा, हार्ट हे उत्तर नाही. ज्याला लिहितोय त्याचं नाव, त्याने लिहिलेल्यातली एक गोष्ट, त्याच्या प्रश्नाचं उत्तर, आणि आपला एक प्रश्न, चार वाक्यं झाली की उत्तर झालं. शेवटचा प्रश्न कंपल्सरी, कारण तो नसेल तर समोरच्याला परत लिहायला कारणच उरत नाही. हे वहीत दोनदा तरी करून घ्या, वर्गातल्या वर्गात, एका बाकाने दुसऱ्या बाकाला लिहायचं. मुलं लिहायला कंटाळत नाहीत, पण कोणाच्या तरी लिहिण्यावर लिहायचं हे त्यांनी कधी केलेलंच नसतं, आपल्याकडे वहीत लिहिलं की बाई लाल पेनाने तपासतात आणि विषय संपतो.

जोड्या लावा. सगळ्यांनी सगळ्यांना लिहा म्हटलं की दोन हुशार मुलींना वीस उत्तरं येतात आणि मागच्या बाकावरच्या मुलाला एकही येत नाही, तो दुसऱ्या आठवड्यात स्क्रीनकडे बघणंच सोडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना ज्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला त्या रणजितसिंह डिसले सरांचं पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं काम सगळ्यांना माहितीये, पण त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा प्रोजेक्ट मला जास्त शिकण्यासारखा वाटतो. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणाव असलेल्या देशांतली मुलं त्यात सहा आठवडे एकमेकांशी जोडलेली असायची आणि प्रत्येकाला पलीकडचा ठरलेला जोडीदार असायचा. ठरलेला जोडीदार असला की उत्तर द्यायची जबाबदारी कोणाची हा प्रश्नच येत नाही. पट जुळत नसेल, तुमच्याकडे अठ्ठेचाळीस आणि तिकडे चोवीस, तर आपल्याकडची दोन मुलं मिळून तिकडचा एक असं करा, पण यादी कागदावर पाहिजे. गैरहजर मुलाचं उत्तर कोण लिहिणार तेही त्याच कागदावर.

आता जोडीदार वर्ग शोधायला शाळांचं नेटवर्क कुठलं. आयअर्न जुनं आहे, 1988 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा जोडण्यापासून ते सुरू झालं, भारतातल्या शाळाही त्यात आहेत. युरोपातलं ई-ट्विनिंग 2005 पासून आहे आणि फार चांगलं आहे, पण ते तिथल्या सहभागी देशांसाठी आहे, आपल्याला थेट नोंदणी करता येत नाही, त्यामागे आठवडा घालवू नका. पहिल्यांदा करत असाल तर एकच जोडीदार वर्ग घ्या. शिक्षण संशोधक मार्गरेट रील यांनी मांडलेली लर्निंग सर्कलची पद्धत मनापासून आवडते मला, पण त्यात सहा ते आठ वर्ग असतात, प्रत्येक वर्ग स्वतःचा एक प्रोजेक्ट चालवतो आणि बाकी सगळ्यांच्या प्रोजेक्टला काहीतरी लिहून पाठवतो. म्हणजे आठ वर्ग असतील तर तुमचा एक आणि दुसऱ्यांचे सात. हा हिशेब नाव नोंदवायच्या आधी करा. सात जणांना सत्रभर उत्तरं द्यायची ताकद आहे का, कुठल्या तासिकेत देणार? नसेल तर पुढच्या वर्षी घ्या, अर्धवट सोडलं तर शेवटी निघणाऱ्या सात वर्गांच्या अंकात आपलं पान कोरं राहतं.

दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी लावा, आपलं आणि त्यांचं. आपली शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरला, जपानची एप्रिलला, ऑस्ट्रेलियाची जानेवारीच्या शेवटी आणि डिसेंबरात त्यांचं वर्षच संपतं. म्हणजे आपल्याला दिवाळीनंतर जोर येतो तेव्हा ऑस्ट्रेलियातले लोक निकालाच्या गडबडीत असतात. आपले गणपती (कोकणातल्यांनी जास्तच दिवस खूण करा), सत्र परीक्षा, दिवाळी, स्नेहसंमेलन, सहल, शाळा बोर्डाचं केंद्र असेल तर फेब्रुवारी-मार्च. त्यांचा नाताळ, तैवान असेल तर चांद्र नववर्षाची सुट्टी. लाल खुणा करून झाल्या की उरलेल्या पांढऱ्या दिवसांत उत्तराच्या तासिका बसतायत का ते मोजा. आणि सुट्टी लागायच्या आधीच्या शेवटच्या तासिकेला नवीन काही टाकायचं नाही, फक्त आलेल्यांना उत्तरं आणि एक ओळ की आम्ही अमुक तारखेपर्यंत सुट्टीवर आहोत, अमुक वारी परत लिहू. ही एक ओळ लिहा हो. समोरच्या मुलाला काय कळणार दिवाळी किती दिवस असते, त्याला एवढंच दिसतं की मी विचारलं आणि कोणी बोललं नाही.

दुसरं, तुम्ही नसाल तेव्हा कोण? बीएलओचं (मतदार यादीचं) काम, प्रशिक्षण, इलेक्शन ड्युटी, काहीही येऊ शकतं आणि सांगून येत नाही. एका सहकाऱ्याला सुरुवातीपासून लॉगिन द्या, त्यांच्याकडून एकदा स्वतःच्या हाताने उत्तर पोस्ट करून घ्या, नुसता पासवर्ड चिठ्ठीवर देऊन उपयोग नाही.

लाइव्ह कॉलच्या मागे लागू नका, एखादा ठेवा. हिवाळ्यात आपले दुपारचे दोन म्हणजे पोलंडमध्ये सकाळचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा, कारण ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. जपानचे दुपारचे दोन आपले साडेदहा. न्यूयॉर्कशी शाळेच्या वेळेत जमत नाही, तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. कॉलने मुलांना आनंद होतो हे खरं, पण कॉलमध्ये चारच मुलं बोलतात, लेखी उत्तरात सगळी.

विषय. इथे जरा थांबा, कारण उत्तर येणं न येणं अर्धं विषयावर आहे. ‘आमची संस्कृती’ घेतलं की आपण गणपतीचे फोटो टाकतो, ते नाताळचे टाकतात, दोन्हीकडून छान छान होतं आणि संपतं, कारण एकाचं काम दुसऱ्याशिवाय अडत नाही. विषय असा घ्या की समोरच्याचा आकडा आल्याशिवाय आपलं पूर्णच होणार नाही. मला सगळ्यात आवडतो तो सावलीचा. एक मीटरची सरळ काठी, ओळंब्याने उभी तपासलेली, आणि मध्यान्हीची सगळ्यात छोटी सावली मोजायची. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये ह्याच विचाराने पृथ्वीचा परीघ काढला होता, एकट्या गावात ते होत नाही, दुसऱ्या अक्षांशावरचं कोणीतरी लागतंच. बरेच जण हे 23 सप्टेंबरला ठेवतात, आपल्याकडे तेव्हा ढग असतात, आणि 21 मार्चला परीक्षा डोक्यावर. पण दिवस-रात्र समान असायची गरजच नाही, दोघांनी एकाच सुमाराला मोजलं की झालं. 10 ते 20 डिसेंबर घ्या, नाताळच्या सुट्टीआधी. त्या दिवसांत सूर्याची उंची इतकी हळू बदलते की दोघांचे दिवस पाच-सहाने चुकले तरी अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही, आणि ही सवड लागते, कारण युरोपात डिसेंबरात सलग कितीतरी दिवस ऊन दिसत नाही. पुण्याकडे सावली साधारण 90 सेंटीमीटर येते, पोलंडमधल्या वॉर्साला जवळजवळ चार मीटर! तो आकडा स्क्रीनवर आला की प्रश्न काय विचारू असं कोणी विचारत नाही, तुमची काठी नक्की एक मीटरचीच आहे ना, हे पहिलं येतं.

आपल्याकडचा खरा मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसतो हे मुलांना आधी सांगू नका, बारा दहा ते बारा पन्नास दर पाच मिनिटांनी मोजायला लावा, पश्चिम महाराष्ट्रात डिसेंबरात साडेबाराच्या आसपास सावली सगळ्यात छोटी होताना त्यांना दिसेल. आठवीला टॅन (त्रिकोणमिती) नसतो, त्यामुळे काठी आणि सावलीचा त्रिकोण कागदावर प्रमाणात लहान काढून काठीच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजायचा. दोन्हीकडच्या कोनांतला फरक पुणे-वॉर्सासाठी 34 अंशांच्या जवळ आला पाहिजे. पुढे अंतर घेताना सरळ पुणे ते वॉर्सा घ्यायचं नाही, दोन्ही गावं एका रेखावृत्तावर नाहीत, आपल्या गावापासून सरळ उत्तरेला त्यांच्या अक्षांशापर्यंतचं घ्यायचं, गुगल मॅपवर मोजता येतं, पावणेचार हजार किलोमीटरच्या आसपास. त्याला कोनांतल्या फरकाने भागून 360 ने गुणा. 40 हजार किलोमीटरच्या जवळपास आलं की वर्गात काय होतं ते तुम्हीच बघा. चुकलं तर जास्त चांगलं, कारण मग कोणाचा कोन चुकला हे शोधायला दोन्हीकडून लिहावंच लागतं, आणि त्याच आठवड्यात उत्तराची तासिका बुडवू नका, बाकी काहीही बुडवा.

संमतीपत्र, ह्यात घाई करू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची संमती आहे, अमेरिकेत 13 खाली, युरोपात देशागणिक 13 ते 16. पत्र मराठीत, साध्या भाषेत, पालकसभेत वाचून दाखवून, सही करता येत नसेल तर समोर अंगठा. काय जाणार, कुठे दिसणार, कोण बघणार, कधी काढून टाकणार, सगळं लिहा. मुलांचं फक्त पहिलं नाव, आडनाव नाही, फोन नाही, घराचा पत्ता नाही, चेहऱ्याचे फोटो टाळा, हाताचे, काठीचे, वहीचे टाका. मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप परदेशातल्या मुलांबरोबर अजिबात नको, सगळं बोलणं शिक्षकांना दिसेल अशाच जागी. कोणी खाजगी नंबर मागितला तर काय करायचं हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, दोन्ही बाजूंच्या.

भाषा. मराठीत लिहू द्या, व्हॉइस टायपिंगने बोलू द्या, मग गटात इंग्रजी करा आणि दोन्ही टाका. व्याकरण तपासत बसलात तर उत्तर तीन आठवडे अडकेल, उशिरा गेलेल्या सुंदर उत्तरापेक्षा मोडक्या इंग्रजीत वेळेवर गेलेलं बरं.

टूल कुठलंही, पण एकाच कंपनीवर विसंबू नका. फ्लिपग्रिड शिक्षकांचं इतकं लाडकं होतं, त्याचं फ्लिप झालं आणि 2024 मध्ये ती साइट बंद झाली, स्काइप मे 2025 मध्ये गेलं. दर शुक्रवारी सगळं शाळेच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या.

मुलं भेटायच्या आधी शिक्षकांनी चार-पाच मेल करा. समोरचे किती दिवसांत उत्तर देतात ते बघा, आणि आपण किती दिवसांत देतो तेही. आठवडाभरात येत नसेल तर नम्रपणे दुसरा जोडीदार बघा. त्याच मेलमध्ये ठरवून टाका, दोन्हीकडून उत्तर किती दिवसांच्या आत. पाच कामाचे दिवस ठीक.

सुरू झाल्यावर भिंतीवर तक्ता, आलं-गेलं, प्रत्येक जोडीपुढे खूण. रिकामी जागा दिसली की त्याच दिवशी बघा.

शेवटाकडे, एकत्र अंक किंवा पीडीएफ, जास्त सजावट नको, दोन्ही भाषा, दोन्हीकडची पहिली नावं तपासून. पालकांना एकदा दाखवा. निरोपाच्या पोस्टीलाही उत्तर, जोडीने, एक तासिका त्यासाठी ठेवा. प्रमाणपत्रं छापायची तर छापा. मुलांची लॉगिन बंद, संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला फोटो काढून टाका, आणि तिकडच्या मॅडमना पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी पाठवून ठेवा.