आजीकडून नातीला आलेली अतींद्रिय शक्ती: किशोर-कादंबरी लिहिताना या चुका टाळा

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, घराण्यात चालत आलेली शक्ती आणि ती अचानक जागी होणं. साचा जुना आहे, पण भक्कम आहे. त्या वयात शरीर, घर, मैत्रिणी सगळंच एकदम परकं वाटायला लागतं आणि त्यात आईने कधीच न सांगितलेली एक गोष्ट स्वतःच्या अंगात सापडते. यापेक्षा चांगलं बीज किशोर वाचकासाठी मिळणं अवघड. म्हणूनच खर्ड्यामागून खर्ड्यात हे बीज त्याच त्या चार-पाच चुकांनी वाया जाताना पाहिलं की जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक वारशाची. शक्ती वारशाने आली असं सांगायचं आणि वारसा मात्र लिहायचा नाही.

"एक पिढी सोडून येते" म्हणून मोकळं होणं

आजीला होती, आईला नाही, नातीला आली. का? तर "आमच्या जनुकांतच आहे". जनुक हा शब्द कागदावर आला की त्याचे नियमही येतात, कारण तुमचा वाचक आनुवंशिकता शाळेत नुकतीच शिकलेला असतो. असा मधली पिढी सोडणारा गुण सहसा अप्रभावी असतो, म्हणजे एकाच प्रतीने तो दिसत नाही. तो दिसायला जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. आजीत शक्ती दिसते म्हणजे तिच्याकडे दोन्ही प्रती आहेत. तिच्या प्रत्येक मुलाला त्यातली एक मिळणारच, म्हणजे आई वाहक झाली, गुण अंगात आहे पण दिसत नाही. पण नातीत शक्ती दिसायची तर दुसरी प्रत वडिलांकडूनच यायला हवी. "एक पिढी सोडून" या तीन शब्दांनी वडिलांचं अख्खं घराणं कथेत ओढून आणलेलं असतं आणि लेखकाला त्याचा पत्ता नसतो.

एका खर्ड्याचं नेमकं हेच झालं होतं. नायिकेला वस्तूला हात लावला की ती वापरणाऱ्याचा शेवटचा क्षण जाणवायचा. आजीलाही तेच व्हायचं, आईला काहीच नाही. कारण जनुक. वडील पहिल्या प्रकरणात दोन ओळींत घर सोडून गेले ते परत आलेच नाहीत. पहिल्या वाचनातच प्रश्न आला, मग वडिलांकडचं काय? उत्तर म्हणून पाचव्या प्रकरणात एक भविष्यवाणी घुसवली गेली. तिने काहीच सुटलं नाही. मग आजीने मरताना हात धरून शक्ती "दिली", म्हणजे वारसा संपला आणि भेटवस्तू उरली. तिसऱ्या खेपेला आईलाही शक्ती होती, पण तिने ती लपवली, असं ठरलं. आता आई घरभर वस्तू हाताळताना दिसणारे 11 प्रसंग खोटे पडले. प्रत्येक ठिगळाने नवं भोक पाडलं.

चौथ्या खर्ड्यात जे आलं ते पहिल्या दिवसापासून समोरच होतं. वडिलांच्या आईलाही तीच शक्ती होती. वडिलांनी लहानपणी तिचे हाल पाहिले होते आणि आपली चार वर्षांची मुलगी कुणाचा तरी जुना चश्मा हातात घेऊन रडताना पाहिल्यावर ते निघून गेले. दोन ओळींचा बाप पाच प्रकरणांचा झाला आणि कादंबरीला पाठीचा कणा मिळाला.

"आमच्यात फक्त मुलींनाच येते" हेही तपासून घ्या. मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःची जनुकं असलेल्या भागातला) वारसा आईकडून येतो खरा, पण तो मुलग्यांनाही मिळतो. फक्त मुलगे तो पुढे देत नाहीत. म्हणजे या वाटेने गेलात तर नायिकेच्या भावालाही शक्ती हवी. गुण दोघांतही असतो पण दिसतो फक्त मुलींत, असं मानलंत तर तो वडिलांमार्फतही येऊ शकतो. त्यांना स्वतःला काही जाणवत नाही आणि ते नकळत पुढची पिढी घडवतात. कथेसाठी हा दुसरा पर्याय कितीतरी सकस आहे. विज्ञान नकोच असेल तर जनुक हा शब्दच काढून टाका. शाप म्हणा, देणं म्हणा, काहीच नाव देऊ नका. मात्र अर्धं विज्ञान आणि अर्धी जादू असं गोधडीकाम करू नका.

यावर उपाय म्हणजे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढणं. पणजी, आजी आणि तिची भावंडं, आई-वडील आणि त्यांची भावंडं, नायिका आणि तिची चुलत-मावस भावंडं. दोन्ही बाजू धरून साधारण 20 माणसं होतात. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा. शक्ती होती का, कितव्या वर्षी कळली, तिचं त्यांनी काय केलं आणि पुढच्या पिढीला काय सांगितलं. चौथा रकाना सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि कादंबरी तिथेच असते. एक दुपार जाते. ज्यांना ही दुपार वाचवायची असते ते पुढे सहा महिने ठिगळं लावत बसतात.

सगळं सांगणारी वही

माळ्यावरच्या पेटीत आजीची वही सापडते. त्यात शक्तीचे नियम, धोके, शत्रू, सगळं क्रमवार लिहिलेलं असतं. हा आळस आहे. जिला स्वतःची शक्ती आयुष्यभर भीतीची वाटली ती बाई वापर-पुस्तिका लिहून ठेवणार नाही. वही हवीच असेल तर ती दुसऱ्याच कशाची तरी असू द्या: हिशेबाची, औषधांच्या वेळांची. महिन्यातून दोनदा तारखेपुढे नुसती एक फुली. नायिकेला त्या फुलीचा अर्थ स्वतःच्या अनुभवावरून लावू द्या.

वही जुन्या काळातली असेल तर शब्द तपासा. टेलिपथी हा शब्द अतींद्रिय अनुभवांचे ब्रिटिश अभ्यासक फ्रेडरिक मायर्स यांनी 1882 मध्ये घडवला. 1870 च्या नोंदीत तो आला की जाणता वाचक तिथेच थांबतो.

प्रसंग बदलला, दृष्टांत तसाच राहिला

भविष्य दिसणाऱ्या नायिकांच्या कादंबऱ्या हमखास इथे पडतात. दुसऱ्या प्रकरणात असं काही लिहिलेलं असतं:

"ओला जिना. कठड्यावर डावा हात, मनगटाला निळी फीत. वर कुठेतरी दार आपटतं. कुणीतरी माझं नाव अर्ध्यावर सोडतं."

चांगलं आहे, चारच तपशील आहेत. पण तिसऱ्या खर्ड्यापर्यंत बाविसाव्या प्रकरणातला प्रसंग जिन्यावरून गच्चीवर गेलेला असतो, पाऊस उडालेला असतो आणि फीत मैत्रिणीने आधीच काढून दिलेली असते. लेखक शेवट पन्नासदा वाचतो, सुरुवात वाचत नाही. किशोर वाचक मात्र पान उलटून मागे जातो आणि फसवल्यासारखा चिडतो.

दृष्टांत वेगळ्या कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवा. प्रत्येक तपशिलापुढे तो कोणत्या पानावर खरा होतो तो आकडा लिहा. खर्डा बदलला की आकडे पुन्हा तपासा. आकडा नसलेला तपशील खोडा. चारपेक्षा जास्त तपशील ठेवू नका, 60-70 शब्दांच्या पुढे जाऊ नका आणि त्यातला एक असा निवडा की नायिका त्याचा चुकीचा अर्थ लावेल. वरच्या उताऱ्यात तिला वाटतं की हात मैत्रिणीचा आहे. खरं तर तो तिचाच आहे, कारण ती सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघते आहे. म्हणूनच हात दिसतो आणि चेहरा दिसत नाही. वाचकाने मागे जाऊन पाहिलं तर पुरावा तिथेच असतो. चकवा द्यावा तर असा. शेवटी "भविष्य बदलतं" म्हणून हात झटकणं ही पळवाट आहे.

मनातले विचार पूर्ण वाक्यांत

"ही मुलगी माझं गुपित ओळखेल का, अशी भीती बाईंना वाटत होती." असं कुणी मनात बोलत नाही. मन वाचणं म्हणजे चोरून संवाद ऐकणं नव्हे. विचार तुटका असतो, त्यात चित्रं असतात, मध्येच भलतंच काही घुसतं. बाई फळ्यावर लिहितायत आणि मुलीला जाणवतं: कुलूप. कुलूप लावलं का. बोटाला खडूची चरचर. मग एका रिकाम्या खोलीचा वास आणि पोटात खड्डा. इतकंच. गुपित काय आहे ते तिला शोधावं लागतं आणि कथा पुढे सरकते. तिरप्या अक्षरांतल्या सुबक वाक्यांनी रहस्य दहाव्या पानावर संपतं.

याच्याच जोडीला मर्यादा ठरवा, आकड्यांत. किती अंतरावरून? स्पर्श लागतो का? सलग किती वेळ? नंतर किती तास ती कामातून जाते? एका वेळी किती माणसं? झोपेत चालते का? सहा उत्तरं एका कागदावर मावतात. ती नसली की नायिका तिसऱ्या प्रकरणात भिंतीपलीकडचं ऐकते आणि पंधराव्यात शेजारी बसलेल्या खुन्याचा तिला पत्ता लागत नाही. किंमत म्हणून नाकातून रक्त काढू नका, ते फार झिजलंय. किंमत तिच्या वयाशी जोडा. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते आणि वयात येताना झोपेची वेळ आपसूक उशिरा सरकते. जिची शक्ती रात्री जागी होते ती मुलगी सकाळी वर्गात कशी दिसेल, एवढं नीट लिहिलं तरी पुरे.

पत्त्यांची परीक्षा

शक्ती सिद्ध करायला लेखक झेनर पत्ते आणतात, म्हणजे न पाहता आकृती ओळखायचे पत्ते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अतींद्रिय शक्तीचे संशोधक जे. बी. ऱ्हाइन यांनी 1930 च्या दशकात ते वापरले. वर्तुळ, अधिक चिन्ह, लाटा, चौकोन, तारा, अशा 5 आकृत्यांचे प्रत्येकी 5, एकूण 25 पत्ते. आणि मग नायिकेची 9 उत्तरं बरोबर येतात आणि सगळे थक्क होतात. निव्वळ अंदाजाने सरासरी 5 बरोबर येतातच. 9 किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण 21 मध्ये 1 आहे, म्हणजे 40 मुलांच्या वर्गात दोघांना हे नशिबाने जमेल. परीक्षा अनेकदा घ्या आणि दरवेळी आकडा चढा ठेवा. त्याहून छान म्हणजे एखाद्या पात्राला शंका घेऊ द्या. सुरुवातीच्या काही पत्त्यांतून मागच्या बाजूने आकृती पुसट दिसायची, ही टीका तेव्हाही झाली होती. शंकेखोर मैत्रीण पत्ता उजेडाकडे धरते, हा एक प्रसंग थक्क झालेल्या दहा चेहऱ्यांना भारी पडतो.

बाकीचं थोडक्यात. सोळाव्या वाढदिवशी, बरोबर मध्यरात्री शक्ती जागी करू नका, कंटाळवाण्या मंगळवारी करा. जिचं उत्तर आईकडे आहे तिची आई पहिल्या पानावर मारू नका. जिवंत आणि गप्प आई शंभरपट उपयोगी. ज्या एकाच मुलाचं मन तिला वाचता येत नाही तोच तिचा प्रियकर, हे आता कुणालाच नवं नाही. पंधरा वर्षांच्या तोंडी चाळिशीचं शहाणपण घालू नका. आणि संकटात उपयोगी पडणारी शक्ती त्याआधी दोनदा दिसायला हवी, एकदा क्षुल्लक कामात आणि एकदा साफ फसताना.

शेवटी शक्ती काढून घेऊन तिला "सगळ्यांसारखी" करण्याचा मोह फार जणांना होतो. वारसा परत करता येत नाही. त्याऐवजी तिसऱ्या प्रकरणात जी गोष्ट तिच्या हाताबाहेर गेली होती तीच शेवटच्या प्रकरणात पुन्हा तिच्यापुढे ठेवा, तितकीच लहान. तोच जुना चश्मा. या वेळी ती तो उचलते, डोळे मिटते आणि वेळेत खाली ठेवते. आई दारात उभी राहून हे बघत असते.