दाण्यावर आलेला पक्षी: आधी ओळखीसाठी फोटो, मग देखणा

इंदिरानगरात आमच्या रो हाउसच्या मागे छोटंसं अंगण आहे. एक पेरू, एक शेवगा आणि कठड्यावर मातीचं परळ, एवढ्यावर माझं पक्षी बघणं चालतं. ओळखीची मंडळी फोनवर फोटो पाठवून विचारतात, "ताई, हा कोणता?" बहुतेक फोटोंत पक्ष्याची नुसती पाठ दिसते, तीही उन्हानं पांढरीफटक झालेली. म्हणून माझा आग्रह असतो, पहिला फोटो ओळखीसाठी काढा. चोच, मान, छाती आणि शेपूट एका बाजूनं स्वच्छ दिसू दे. देखणा फोटो त्यानंतर.

परळ अशा जागी ठेवा की सकाळचं कोवळं ऊन तुमच्या पाठीमागून त्यावर पडेल. परळाच्या वर हातभर अंतरावर एक वाळकी फांदी बांधा. पक्षी थेट दाण्यावर उतरत नाही. आधी फांदीवर टेकतो, इकडेतिकडे बघतो, मग खाली येतो. फोटो त्या टेकण्याच्या वेळीच मिळतो. बाजरी, राळं, तांदळाची कणी मूठभर पुरे. बुलबुल आणि कोकीळ यांच्यासाठी पपईची फोड किंवा पिकला पेरू ठेवा. शेव, फरसाण, शिळा पाव कृपा करून ठेवू नका.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोटो काढते. आतला दिवा बंद ठेवायचा म्हणजे आपली हालचाल बाहेर दिसत नाही. मच्छरदाणीची जाळी मात्र सरकवायचीच, तिच्यातून फोटो धुरकट येतो. ३०० मिमीची लेन्स असेल तर उत्तम. बुलबुल क्षणभर स्वस्थ बसत नाही, त्याला शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास लागतो. निवांत बसलेल्या होल्याला, म्हणजे कबुतरासारख्या दिसणाऱ्या पक्ष्याला, १/२५० चालतो. फोकस डोळ्यावर धरा. नुसता मोबाईल असेल तर तो परळाजवळ स्टँडवर लावा, व्हिडिओ सुरू करून बाजूला व्हा आणि नंतर त्यातली स्थिर चौकट उचला.

आता ओळख. होल्यांपासून सुरुवात करा, कारण लोक सगळ्यांनाच "कबूतर" म्हणून मोकळे होतात. मानेकडे बघा. मानेमागे काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके दिसले तर तो ठिपकेदार होला. अंग फिकट राखाडी आणि मानेमागे बारीक काळी अर्धी कंठी असेल तर कंठी होला. छोटा तपकिरी होला अंगानं सडपातळ; त्याचे काळे ठिपके मानेमागे नसून समोर, गळ्याखालच्या तांबूस भागावर असतात. पाठमोऱ्या फोटोत हे ठिपके दिसणारच नाहीत, म्हणून तो वळेपर्यंत थांबा.

चिमण्यांतही नीट बघा. चिमण्याच्या गळ्यावर काळा डाग असतो, चिमणीला तो नसतो. पण चोच जरा लांबट, खांद्यावर तांबूस डाग आणि गळ्यावर पिवळा ठिपका दिसला तर ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी. लहानपणी पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली आणि ओळख विचारायला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत नेलेली चिमणी हीच. शहराच्या कडेला, झाडी असेल तिथे डोळे उघडे ठेवा.

शिंजीर हा फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी दाण्यावर येत नाही, तो शेवग्याच्या फुलांवर येतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात चकचकीत निळा-जांभळा असतो, पण सावलीत चक्क काळा दिसतो. हंगाम सरला की तो मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. ती रेघ फोटोत आली की प्रश्न मिटला.

मर्लिन ॲपला फोटो दाखवला तर ते नाव सुचवतं. ते नाव लगेच मान्य करू नका, वरच्या खुणा स्वतः ताडून बघा. तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवा. घरटं सापडलं तर त्याच्या जवळ जाऊन फोटो काढू नका; पिलांना भरवणारी जोडी बिचकते.

दाण्याशेजारी पाणी ठेवलं असेल तर ते रोज बदला, नाहीतर डास होतात. परळ दोन-तीन दिवसांनी घासून कडक उन्हात वाळवा. एखादा पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेला दिसला तर दोन आठवडे दाणा बंद ठेवा आणि परळ गरम पाण्यानं धुऊन मगच पुन्हा मांडा.